नोकरी सांभाळून चाळिशीत लांब पल्ल्याचं रनिंग सुरू करता येईल का?

येतं की. मी ३९ व्या वर्षी सुरू केलं, तेव्हा पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसला जाण्यायेण्यातच तीन तास जायचे. संध्याकाळी पळू म्हणत असाल तर विसरा, मीटिंग लांबते नाहीतर पाऊस येतो, त्यामुळे पहाटे साडेपाचलाच आणि कपडे रात्रीच काढून ठेवायचे. आठवड्यात तीन दिवस पुरे, दोन दिवस अर्धा-पाऊण तास आणि रविवारी जरा लांबचं. सुरुवातीला २ मिनिटं पळा, १ मिनिट चाला, लाजायचं काही कारण नाही, तळजाई टेकडीवर तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो (आजोबा लोक पुढे निघून जातात ते वेगळं!).

स्पीड एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. सगळे इथंच माती खातात, मी पण खाल्ली, कारण दमसास लवकर वाढतो पण हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) तयार व्हायला कितीतरी महिने लागतात, आपल्याला वाटतं आता काय, पळू शकतो आणि मग नडगी धरते. तीन आठवडे घरी बसलो. घड्याळ स्वस्तातलं चालेल, बूट मात्र दुकानात जाऊन, घालून बघूनच घ्या.

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर, त्याला सहा-आठ महिने तरी द्या. पुणे मॅरेथॉन डिसेंबरच्या आसपास असते, सो आत्ताच मोजा.