ख्रिस्ती म्हणजे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट एवढंच ना? मग इजिप्तचे कॉप्टिक ऑर्थोडॉक्स कशात मोडतात?

दोन्हींत नाही, प्रोटेस्टंट पंथ जन्मण्याच्या हजारेक वर्षं आधीच, इ. स. 451 मध्ये त्यांची वाट वेगळी झाली. त्या वर्षी कॅल्सेडनला (आजच्या इस्तंबूलचा आशियाई भाग) भरलेल्या धर्मपरिषदेने ठरवलं की ख्रिस्त 'दोन स्वभावांत' ओळखावा, दैवी आणि मानवी. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या, म्हणजे कॉप्टिकांच्या, परंपरेला 'दोन स्वभावांपासून' (दोन्ही एकत्र येऊन एक झालेला ख्रिस्त) चालत होतं, 'दोन स्वभावांत' नाही. ग्रीकमध्ये हा फरक 'एक्' आणि 'एन्' एवढाच! पण त्यांच्या दृष्टीने 'एन्' म्हटलं की एकाच ख्रिस्ताचे दोन तुकडे पडत होते. आर्मेनियन, इथिओपियन, सिरियन ऑर्थोडॉक्स आणि केरळातलं मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चही याच घराण्यातलं. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स मात्र नव्हेत, ते कॅल्सेडन मानतात. नावातल्या सारखेपणामुळे इथे हमखास घोळ होतो.

एक लक्षात घ्या: या चर्चना 'ख्रिस्ताचं माणूसपण नाकारणारे' म्हणू नका, ते अन्यायाचं आहे. 1973 मध्ये कॅथलिकांचे पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक चर्चचे प्रमुख (त्यांनाही पोपच म्हणतात) शेनूदा तिसरे यांनी संयुक्त निवेदनात ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मानव असल्याचं मान्य केलं. तरीही दोन्ही चर्च आजही वेगळीच आहेत.