छोट्या ट्रॅक्टरने बाभळीचा मोठा बुडखा कसा काढावा?

तुमचा प्रश्न असा: बांधालगत दोन फूट जाडीचा बाभळीचा बुडखा आहे, जमीन काळी, घरी 20-22 एचपीचा छोटा ट्रॅक्टर. साखळी बांधून ओढलं तर पुढची चाकं उचलली आणि बुडखा तसूभरही हलला नाही. आता पुढे मातीची पोती लादून पुन्हा ओढावं का?

नका ओढू. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी ऐका.

पुढची चाकं उचलली म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटायला लागला होता. बुडखा हलत नाही, मागच्या चाकांना पकड मिळालेली आहे, पण इंजिनाचा जोर कुठेतरी जाणारच. मग तो अख्खं धूड मागच्या आक्सलभोवती वर फिरवतो. हे इतक्या झपाट्याने होतं की जेमतेम पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोचतो जिथून क्लच दाबूनही तो खाली येत नाही. छोट्या ट्रॅक्टरांवर डोक्यावर चौकट सहसा नसतेच, त्यामुळे स्टिअरिंग आणि जमीन यांच्या मध्ये माणूस सापडतो. साखळी टॉपलिंकच्या (अवजाराला वरून जोडणाऱ्या दांड्याच्या) जागी किंवा आक्सलच्या वर कुठेही अडकवली असेल तर धोका कैकपटीने वाढतो. साखळी बांधायची ती फक्त खालच्या ड्रॉबारला (मागे खाली असलेल्या ओढायच्या लोखंडी पट्टीला). पुढे वजन लावल्याने थोडा फरक पडतो हे खरं, पण तेवढ्यावर अवलंबून जीव पणाला लावू नये.

तसाही हिशोब जुळत नाही. या ताकदीच्या ट्रॅक्टरचं वजन टनाच्या आसपास. शेतातल्या मातीत तो आपल्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ लावतो, त्यापुढे चाकं जागीच फिरतात, इंजिन कितीही दमदार असो. म्हणजे पाचशे किलोच्या आगेमागे. दोन फुटी बाभळीची मुळं जिवंत असतील तर ती एवढ्याला दाद देणार नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बुडखा मोकळा करायचा तो कुदळ-कुऱ्हाडीने, आणि मोकळा झालेला बुडखा खड्ड्याबाहेर काढायचा तो ट्रॅक्टरने. हा क्रम उलटा केला की साखळ्या तुटतात आणि माणसं जायबंदी होतात.

खोदाईची वेळ नीट निवडा. काळी माती उन्हाळ्यात दगड आणि पावसात चिखल. पाऊस उघडल्यावर वाफसा आला (माती ना चिखल ना कोरडी, अशी झाली) की कुदळ सुखाने चालते आणि ट्रॅक्टरलाही पकड मिळते. उन्हाळ्यातच काढायचा असेल तर बुडख्याभोवती आळं करून पाणी सोडा आणि माती मुरून वाफशावर येईपर्यंत थांबा.

बुंध्यापासून दोन-अडीच फूट अंतर ठेवून गोल चर घ्या. आडवी मुळं दिसू लागली की लगेच कुऱ्हाड चालवू नका. आधी मोटारीच्या पाइपने मुळं धुऊन घ्या. सालीच्या खाचांत बसलेले खडे कुऱ्हाडीची धार दोन घावांत घालवतात, आणि चेनसॉ असेल तर तिची साखळी बोथट होते. प्रत्येक जाड मूळ दोन ठिकाणी तोडा आणि मधला हातभर तुकडा काढूनच टाका. एकाच जागी तोडलं तर बुडखा हलवताना मुळाची दोन्ही तोंडं एकमेकांवर अडकतात आणि वाटतं की अजून खाली काहीतरी धरून ठेवतंय.

बाभळीची खरी अडचण सोटमुळाची. ते सरळ खाली जातं आणि बुडख्याच्या पोटाखाली असल्याने वरून दिसत नाही. चराची एक बाजू उतरती करून माणूस बसून काम करू शकेल एवढी रुंद करा आणि तिथून आत खणत जा. बाभळीचं लाकूड बैलगाडीची चाकं आणि औतं यांसाठी वापरत आलेत ते उगाच नाही; कुऱ्हाड उसळते. इथे करवत बरी. मात्र बुडखा एका बाजूला कलला तर करवतीसकट हात चेंगरेल, म्हणून दुसऱ्या बाजूने ओंडक्याचा टेकू दिल्याशिवाय खाली हात घालू नका.

मोकळा झाला की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. पहार खाली घालून दोघांनी रेटा द्या आणि भोवतीच्या मातीकडे बघा. जिथे माती भेगाळून वर उचलते तिथे एखादं मूळ अजून शाबूत आहे. ते शोधा, तोडा, परत रेटा द्या. सगळा बुडखा एकसंध डुलू लागला की मगच ट्रॅक्टर आणा.

आता एक युक्ती, जी फार लोक वापरत नाहीत. जुनी मोठी लोखंडी रिम (टायरसकट असली तरी चालेल) बुडख्याच्या ट्रॅक्टरकडच्या बाजूला उभी टेकवा. साखळी बुडख्याच्या बुडाला, तोडलेल्या मुळांच्या खाली घट्ट आवळा, तिथून रिमच्या माथ्यावरून घेऊन ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला. ट्रॅक्टर पुढे सरकला की तीच ओढ बुडख्याला आडवं न खेचता वर उचलते. रिम पुढे लवंडते, तेव्हा जवळ कुणी थांबायचं नाही. सर्वांत खालचा गिअर टाका, साखळीची ढील हळूच काढा, मग सावकाश जोर द्या. हिसका अजिबात नको. चाक जागीच फिरलं किंवा पुढचा भाग हलका वाटला की लगेच क्लच दाबा आणि उतरून उरलेलं मूळ शोधा.

साखळीत काटकसर करू नका. 10 मिमीची ग्रेड 80 (जादा मजबूत पोलादाची) साखळी 3.15 टन सुरक्षित पेलते. जोडायला शॅकल (पिनेने बंद होणारी U आकाराची कडी) वापरा, नटबोल्ट नको. नायलॉनचा दोर तर मुळीच नको. तो ताणून तुटला की त्याचं टोक गोळीसारखं मागे येतं. पोरांना आणि बघ्यांना साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरावर ठेवा, सरळ रेषेत कुणीच नको.

तुमच्या गावात बोअरमधून मोटार काढणारे असतील तर त्यांच्याकडे लोखंडी तिपाई आणि चेनपुली असते. माझ्या मते ट्रॅक्टरपेक्षा ती बरी. पुरेशा टनाची असेल तर मोकळा झालेला बुडखा एकटा माणूस शांतपणे सरळ वर उचलू शकतो. तिपाईचे पाय मात्र चराच्या काठापासून लांब आणि फळ्यांवर ठेवा.

बुडख्यात मीठ भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्या जागची माती नासते. जाळायचा विचार असेल तर एवढं ध्यानात घ्या की वाळलेली मुळं आतल्या आत कितीतरी दिवस धुमसतात, आणि बांधावर वाळलं गवत असतं. असे चार-पाच बुडखे असतील तर सरळ जेसीबी बोलवा, काम लवकर उरकेल. पण शेजारून पाइपलाइन गेली असेल किंवा विहीर जवळ असेल तर हातानेच खोदलेलं बरं.

खड्डा भरताना खालचा मुरूम खाली आणि वरची काळी माती वर जाईल असं बघा, थर देत पाणी मारा, आणि वर वीतभर उंचवटा ठेवा. पहिल्या पावसाळ्यात तो बसून सपाट होतो.