मधल्या नावातला बाबा

प्रिय पिल्लू,

(सोळाव्या वर्षी या हाकेला तुझी हरकत आहे, ठाऊक आहे. पत्र माझं आहे.)

तुझा मेसेज वाचला. शाळेत प्रत्येकाला आपल्या नावाची गोष्ट सांगायची आहे. तुझं मधलं नाव वाचून वर्गातलं कुणीतरी म्हणालं, हे तर पुरुषाचं नाव! आणि तू मला विचारलंस: मराठी लोक मुलीलाही बाबाचं नाव का लावतात, आणि आई त्यात कुठेच का नाही? याचं उत्तर फोनवर बोटं चालवत देता येईना, म्हणून हे पत्र.

सोपा भाग आधी. इथे न्यू जर्सीत मधलं नाव हौसेने ठेवतात. आपल्याकडे ते ठेवावं लागत नाही, ते असतंच. सचिन रमेश तेंडुलकर, सुनील मनोहर गावसकर. डॉ. बी. आर. आंबेडकरांमधला 'आर' म्हणजे त्यांचे वडील रामजी. मुलगा असो की मुलगी, मध्ये वडील. तेव्हा तुझ्या वर्गातल्या त्या पोराचा गोंधळ झाला त्यात त्याचा दोष नाही.

ही रीत जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरच 'शाहसूनोः शिवस्यैषा' असं आहे, शहाजींचा मुलगा शिवाजी याची ही मुद्रा. पहिले बाजीराव स्वतःला बाजीराव बल्लाळ म्हणवत, त्यातला बल्लाळ म्हणजे त्यांचे वडील बाळाजी विश्वनाथ. आणि हो, ज्या जिजाबाईंशिवाय शिवाजी महाराजांची गोष्ट कुणी सांगतच नाही, त्या मुद्रेवर नाहीत. तुझा प्रश्न बरोबर जागी लागलाय.

पण आता थोडं आणखी मागे जा. सुमारे १९०० वर्षांपूर्वी पैठणहून राज्य करणारे सातवाहन आईचं नाव लावत. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. राजाची आई आणि राजाची आजी म्हणून ती त्यात बोलते, आपल्या मुलाचे पराक्रम सांगते. मागच्या वेळी नाशिकला तू पायऱ्या चढून दमलीस आणि लेणं न बघता सावलीत बसून राहिलीस, तेच हे. गैरसमज नको, गादी तेव्हाही बापाकडून मुलाकडेच जायची. बाईचं राज्य वगैरे काही नव्हतं. तरी राजाची ओळख सांगताना आई आधी यायची, एवढं खरं. त्यामुळे 'आपल्यात पहिल्यापासून असंच आहे' असं कुणी म्हटलं, की कधीपासून आणि कुणाच्यात, हे बिनधास्त विचार. मलासुद्धा विचार.

आणि रीत आत्ताही बदलतेय. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम सरकारने ठरवलाय. तू त्याच्या खूप आधीची, त्यात परदेशात जन्मलेली. तुझं बारसंसुद्धा अर्धं स्काइपवर झालं. आत्याने कानात नाव सांगायचं असतं आणि बायकांनी 'कुर्रर्र' करून तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आत्या पुण्यात, म्हणून तुझ्या कानाशी लॅपटॉप धरला आणि धपाटे माझ्या मैत्रिणीने खाल्ले.

मुलीचं मधलं नाव मात्र तिथेच थांबत नाही, आणि प्रकल्पात हे यायलाच हवं असं मला वाटतं. लग्न झालं की वडील जाऊन नवरा येतो. माझ्या पदवीच्या कागदावर तुझे आजोबा आहेत, पासपोर्टवर तुझा बाबा. पूर्वी तर पहिलं नावही जायचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचा. आमच्या वेळी ताट समोर आल्यावर तुझ्या बाबाने माझं होतं तेच नाव लिहिलं. गुरुजी क्षणभर थांबले आणि पुढचा मंत्र म्हणू लागले. मधलं नाव आणि आडनाव मात्र मी बदललं, ते व्हिसाच्या कागदांना फाटे फुटू नयेत म्हणून. तत्त्वबित्त्व काही नव्हतं.

आनंदीबाई जोशींचं नाव तुला माहीत आहे. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आपल्या घरापासून ते फार लांबही नाही. त्यांचं माहेरचं नाव यमुना. कल्याणची यमुना लग्नात आनंदी झाली, आणि जगाला तेच नाव माहीत आहे. एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत आहेत, तिथला दगड आपण बघून येऊ. त्या दगडावर 'शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री' अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या दगडावरही जात आलीच.

आणि त्यावरून आडनाव. 'कर' म्हणजे त्या गावचे, एवढं सांगून लोक थांबतात. मंगेशीचे मंगेशकर. आंबेडकरांचं मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातलं. काही आडनावं कामावरून: गावाचा हिशेब ठेवणारा कुलकर्णी, गावचा प्रमुख पाटील. हे सगळं छान दिसतं, फळ्यावर लावायला सोपं. पण भारतात 'पूर्ण नाव काय?' आणि त्यानंतर 'मूळचे कुठले?' हे प्रश्न पुष्कळदा जात ताडायला विचारतात. त्यातही पंचाईत होते, कारण पवार, मोरे, जाधव, गायकवाड ही आडनावं अनेक जातींत आहेत. वर्गात कुणी जातीबद्दल विचारलं तर 'ते पूर्वी होतं' असं म्हणून सुटू नकोस. आपल्या आडनावाने आपल्याला काय मिळालं, कुठे दार आपोआप उघडलं, हे बाबाला विचार. त्याला हा विषय आवडत नाही, म्हणून जरा चिकाटीने विचार.

प्रकल्पात आपल्या घरातलं किती सांगायचं ते तू ठरव. आजीची गोष्ट घ्यायची असेल तर तिची परवानगी घे. तिचंही नाव लग्नात बदललं. तिचे भाऊ अजून जुन्या नावाने हाक मारतात आणि त्या हाकेला ती वेगळ्याच आवाजात ओ देते. थेट 'तुझं नाव बदललं तेव्हा कसं वाटलं' असं विचारलंस तर 'त्यात काय, सगळ्यांचंच बदलायचं' एवढंच मिळेल. त्यापेक्षा शाळेत हजेरीला कुठलं नाव होतं ते विचार. मग लग्नातला उखाणा म्हणायला सांग. आजोबांचं नाव ती एरवी घेत नाही, 'अहो' किंवा 'हे' म्हणते, पण उखाण्यात घेते, आणि लाजत नाही. रेकॉर्ड करणार असशील तर आधी सांग, तिला साडी बदलायची असते.

रविवारी सकाळी साडेआठच्या आत लाव फोन. नंतर तिच्या मालिका सुरू होतात.

तुझी,
आई