काचेच्या बरणीवरचं लेबल निघालं, पण गोंदाचा चिकट थर राहिला. तो कसा काढायचा?

पाण्याने घासत बसू नका. हा गोंद पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र सैल होतो. 1 चमचा खाद्यतेल आणि 1 चमचा खाण्याचा सोडा कालवून थरावर लावा, 15-20 मिनिटं थांबा, मग बोटाने चोळा. गोंदाच्या वळ्या होऊन सुटतात. शेवटी भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर तेलकटपणावर धूळ बसते.

प्लास्टिकवर सोडा नको, चरे पडतात. नुसतं तेल पुरे. नेलपॉलिश रिमूव्हर काचेवर चालतो, पण त्यातल्या ॲसिटोनमुळे ॲक्रिलिक आणि बरंचसं प्लास्टिक विरघळून कायमचं पांढुरकं होतं. पॉलिश नसलेल्या लाकडावर तेलही नको, डाग मुरतो. तिथे हेअर ड्रायरने गोंद कोमट करून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडा.