जैन शेतकरी आणि नांगराखालचा किडा

तुमचे प्रश्न तीन आहेत: महावीरांनी जैन धर्म कधी स्थापन केला, देव मानत नाहीत तर बस्तीत (जैन मंदिरात) पूजा कुणाची, आणि अहिंसावाले लोक कोल्हापूरकडच्या शिरोळ-हातकणंगल्यात ऊस कसा पिकवतात. मी स्वतः त्याच ऊसवाल्यांतला, त्यामुळं तिसऱ्यावर जास्त लिहिणार.

स्थापनेचं आधी उरकतो. महावीर हे चोविसावे तीर्थंकर, म्हणजे मोक्षाची वाट दाखवणारे, परंपरेनुसार इ.स.पू. ५९९ ते ५२७. धर्म त्यांच्याआधी होताच. तेविसावे पार्श्वनाथ त्यांच्या सुमारे अडीचशे वर्षं आधीचे मानले जातात, आणि ते होऊन गेले हे बहुतेक अभ्यासकांनाही मान्य आहे. श्वेतांबर ग्रंथांप्रमाणे त्यांची व्रतं चार होती, महावीरांनी ब्रह्मचर्य वेगळं काढून पाच केली. पहिले ऋषभदेव, म्हणजे खिद्रापूरच्या बस्तीतले आदिनाथ, मात्र इतिहासाच्या हाती लागत नाहीत. आणि बौद्ध धर्माची शाखा तर नाहीच. बौद्धांच्या पाली ग्रंथांतच महावीर 'निगंठ नातपुत्त' या नावानं बुद्धांचे समकालीन म्हणून येतात.

देवाचं असं, की जग कुणी घडवलं हे जैन मानत नाहीत. तीर्थंकर वर देत नाहीत, ते वाट दाखवून मोकळे झालेले. णमोकार मंत्र नीट ऐका, त्यात एकाही व्यक्तीचं नाव नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू या पाच पदांना नमस्कार, बस्स. मागणं काही नाही. आता पद्मावती देवीची ओटी भरून नवस बोलणारे नाहीत का? आहेत की, आमच्याच घरात आहेत! आणि कुंभोजच्या बाहुबलींना अनेक जण तीर्थंकर समजतात. ते ऋषभदेवांचे पुत्र, चोविसांत नाहीत.

आता ऊस. आपण सहज 'कर्माची फळं' म्हणतो, पण जैन मतात कर्म म्हणजे अक्षरशः सूक्ष्म कण, पुद्गल. गुऱ्हाळावर उभं राहिलात तर पटकन कळेल. हाताला काकवी लागलेली असते आणि चिपाडाचा भुसा उडत असतो. हात म्हणजे जीव, भुसा म्हणजे कर्म. भुसा हातापाशी येतो तो आस्रव, चिकटतो तो बंध. हात झाकला तर संवर, चिकटलेलं खरवडून काढलं तर निर्जरा. काहीच उरलं नाही की मोक्ष. काकवी म्हणजे कषाय: क्रोध, मान, माया, लोभ. कोरड्या हाताला भुसा लागला तरी झटकला जातो.

म्हणूनच हिंसेचे चार प्रकार केलेत. ठरवून मारणं ती संकल्पी, स्वयंपाक-झाडलोटीत होते ती आरंभी, शेती-धंद्यात होते ती उद्योगी, स्वसंरक्षणात होते ती विरोधी. मुनींचं महाव्रत, त्यांना सगळ्याच वर्ज्य. श्रावकाचं, म्हणजे गृहस्थाचं, अणुव्रत (लहान व्रत), त्यानं संकल्पी पूर्ण सोडायची आणि बाकीच्या होतील तितक्या कमी करायच्या. परंपरेत ऋषभदेवांनीच लोकांना असि (तलवार), मसि (शाई, म्हणजे लेखन), कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कामं शिकवली, त्यात शेती आलीच. पण म्हणून नांगराखालचा किडा माफ झाला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोष लागतोच. व्रत मोडत नाही, एवढंच. तणनाशकाच्या फवारणीचं काय, यावर आमच्या भावकीत दरवर्षी भांडण होतं आणि मिटत नाही.

ही काळजी किती बारीक असते ते आजीकडं बघून कळलं. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, हे पुष्कळ घरांत होतं. पण नंतर ती फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायची आणि ते कळशीनं अलगद त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, कारण ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात जगणार. पुढं आम्ही कोल्हापुरात आलो, नळ आला. ती नळाचंही गाळायची, आणि मग ओलं फडकं हातात घेऊन विचारायची, "हे आता कुठं सोडू रे?"