कर्णावरचे मोजमाप आणि लेझरची मांडणी

प्रश्न : मशीनिंग सेंटरच्या (संगणकाने चालणाऱ्या कातकाम यंत्राच्या) घन कर्णावर, म्हणजे कार्यक्षेत्राच्या एका कोपऱ्यातून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यात जाणाऱ्या तिरप्या रेषेवर, लेझर इंटरफेरोमीटरने (लेझर किरणाने अचूक अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) मोजताना किरण दूरच्या टोकाला रिफ्लेक्टरवरून (किरण परत पाठवणाऱ्या भागावरून) घसरतो. मांडणी कशी करावी?

उत्तर : लेझर हेड कर्णाच्या दिशेत वाकडे बांधण्याची धडपड बहुधा व्यर्थ ठरते, ते सपाट ठेवून टेबलावरच्या फिरत्या आरशाने किरण वळवावा आणि रिफ्लेक्टर स्पिंडलवर (हत्यार धरणाऱ्या फिरत्या दांड्यावर) बसवावा. तिन्ही अक्ष एकाच वेळी, प्रमाणात चालवावेत. उदाहरणार्थ, तीन अक्षांच्या ६००, ४०० आणि ३०० मिलिमीटर प्रवासांचा कर्ण सुमारे ७८१.०२ मिलिमीटर येतो. रिफ्लेक्टर जवळ असताना किरण समांतर सरकवून मध्यावर आणावा, दूर गेल्यावर मात्र केवळ आरशाचा कोन बदलावा, आणि हा क्रम किरण स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावा. किरण आणि प्रवासाची दिशा यांत मीटरमागे १ मिलिमीटर तिरपेपणा राहिला, तर मोजलेली लांबी मीटरमागे सुमारे अर्धा मायक्रॉन कमी दिसते. हवेच्या तापमानातील १ अंशाची चूकही मीटरमागे जवळपास १ मायक्रॉनची असते. अनेकजण इथेच फसतात.

चारही घन कर्ण मोजावेत, कारण त्यांच्यातील फरकांतून अक्षांच्या काटकोनातील दोष उघड होतो. मात्र कर्ण सारखे आले, तरी एका अक्षाची वाढ दुसऱ्याच्या घटीने झाकली गेलेली असू शकते, म्हणून प्रत्येक अक्ष स्वतंत्रपणेही तपासावा.