सहजीवन की सहअस्तित्व? तलावातल्या दोन माशांसाठी शब्द

प्रश्न आपल्या नागपूरच्याच एका शिक्षिकेचा आहे. अंबाझरीच्या सहलीनंतर मुलांसाठी टिपण लिहिताना त्या अडल्या : एकाच तलावात दोन जातींचे मासे नांदतात, त्याला ‘सहजीवन’ म्हणायचं की ‘सहअस्तित्व’? आणि अन्नावरून त्यांच्यात जे चालतं ती ‘स्पर्धा’च ना?

बाई, सहअस्तित्व लिहा. सहजीवन हा मला फार प्रिय शब्द, पण त्यात सोबत आहे, एकमेकांवाचून अडणं आहे. जीवशास्त्रात तो दगडफुलातल्या बुरशी आणि शैवालासाठी येतो, तिथे तो चपखल बसतो. गोंधळ होतो याचं एक कारण मला दिसतं. १९५४ च्या पंचशील करारातलं तत्त्व आपण शाळेत ‘शांततामय सहजीवन’ म्हणून शिकलो, त्यामुळे नुसतं शेजारी राहणंही सहजीवन वाटतं.

कटला आणि मृगळ घ्या. आपल्या भागातल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांत दोघांचं बीज एकत्र सोडतात. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो. मृगळ तळाशी, गाळातलं कुजलेलं खातो. एकावाचून दुसऱ्याचं अडत नाही आणि एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात जात नाही. घरगुती शब्द हवा असेल तर ही ‘वाटणी’ आहे, थरांची वाटणी.

त्याच पाण्यात तिलापिया आला की चित्र बदलतं. मूळचा आफ्रिकेचा हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. शेवाळ, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव म्हणजे प्लवक, गाळ, त्याला सगळंच चालतं. शिवाय तो साचलेल्या पाण्यातही भराभर वितो. कटल्याला, मृगळाला त्यासाठी नदीचं वाहतं पाणी लागतं. इथे ‘स्पर्धा’ बरोबर, फक्त क्रियापद सांभाळा. ‘मासे स्पर्धा करतात’ म्हटलं की मुलांना शर्यत दिसते, बक्षीस दिसतं. संस्कृत ‘स्पर्ध्’ धातूतच वरचढ होण्याची इच्छा आहे. कटल्याला कुणाला हरवायचं नसतं, त्याच्या वाट्याचा घास तेवढा कमी होतो. म्हणून ‘त्यांच्यात अन्नासाठी स्पर्धा असते’ असं लिहावं. ‘चढाओढ’ मी तरी टाळेन. त्यात दोन्हीकडून लावलेला जोर ऐकू येतो.

विणीच्या दिवसांत मात्र तिलापियाचा नर तळाशी खळगा करतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. त्या वाक्यात स्पर्धा नको, ‘हुसकावतो’ लिहा.